जड झालेलं सरकतं दार: व्हॅनच्या दुरुस्तीच्या नोंदी

८ मार्च, शनिवार

आज आईने हात टेकले. व्हॅनचं बाजूचं दार आधी एका हाताने ओढलं, मग दोन्ही हातांनी, मग पायरीला पाय लावून. शेवटी "तुमचं हे दार तुम्हीच उघडा" असं म्हणून पुढच्या सीटवर जाऊन बसली. गाडी एकोणीस वर्षांची आहे, इंजिन अजून ठणठणीत आहे, आणि लाज आणतं ते हे दार.

दुखणं नेमकं काय ते आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढे सगळं एकात एक मिसळतं. बंद दार सुटायलाच हिसका लागतो. सुटल्यावर वीतभर घासत येतं. मधे जरा बरं चालतं, पण एका ठिकाणी दातात खडा यावा तसं अडतं. बंद करताना तर धावत जाऊन दणका द्यावा लागतो, आणि तरी दोनदा. आतल्या हँडलने ते दोन वर्षांपासून उघडतच नाही.

"जड आहे" हे मोजायचं ठरवलं. प्रवासाच्या बॅगा टांगून मोजायचा हुकाचा काटा घरात होताच. गाडी सपाट जागी उभी केली (उतारावर मोजलं तर उताराचंच वजन मोजलं जाईल), हँडलच्या बुडाशी पट्टा अडकवला, भावाने हँडल उचलून धरलं आणि मी काट्याने हळूहळू ओढत गेले. दार हलायला १९ किलो. मधल्या टप्प्यात ९ ते १०. अडतं तिथे १४. तीनदा मोजलं, अर्ध्या-एक किलोचाच फरक येतो. बंद करण्याचा आकडा घेता आला नाही, कारण ओढून ते बंद होतच नाही, आपटावं लागतं.

भाऊ म्हणाला, "ताई, ग्रीस लाव ना भरपूर, दहा मिनिटांचं काम." ग्रीस मी दरवर्षी लावते. सहा वर्षं लावते आहे. तेवढ्याने भागलं असतं तर आज हा काटा हातात घ्यावा लागला नसता.

९ मार्च, रविवार

आज पाना हातात घ्यायचा नाही, फक्त बघायचं, असं ठरवलं होतं. ते पाळलं.

असं दार तीन ठिकाणी धरलेलं असतं. वरची रेल छताच्या कडेला, खालची पायरीच्या पोटात, आणि मधली बाहेरून, मागच्या काचेखाली पत्र्यात बसवलेली. दाराच्या पुढच्या कडेला वर एक आणि खाली एक रोलरचा हात, मागच्या कडेला मधला एक. वजन पेलतात ते खालचा आणि मधला. वरचा नुसता वाटाड्या, दार बाहेर कलंडू नये म्हणून. तिन्ही रेल पुढच्या टोकाला आत वळलेल्या असतात. त्या वळणामुळेच दार शेवटच्या वीतभरात आत खेचलं जाऊन बॉडीशी सपाट बसतं. म्हणजे सगळ्यात जास्त रेटा त्या वळणावर, आणि माझं दारही तिथेच घासतं. यावरून एवढं तरी कळलं की हे नुसत्या वंगणाचं दुखणं नाही.

दार अर्धवट उघडून मागची कड दोन्ही हातांनी वर उचलून पाहिली. थोडी हलली, टक् असा आवाज आला. मग पुढची कड खालून उचलली. तिथे मात्र बोटभर नाही तरी अर्ध्या बोटाची ढिलाई आहे. खालचा रोलर गेला आहे, हे इथेच नक्की झालं. वरचा हात हलवला तर काहीच वाजत नाही.

अडण्याची जागा शोधायला मधल्या रेलच्या वर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला खूण केली. पुढच्या टोकापासून २३ सेंटिमीटरवर दार अडतं. प्रत्येक वेळी तिथेच. ठरलेल्या जागी अडत असेल तर दोष रेलमध्ये, आणि चाकाच्या फेऱ्यागणिक ठरावीक अंतराने ठक ठक येत असेल तर दोष रोलरमध्ये. माझ्या नशिबी दोन्ही आहेत.

मग बॅटरी घेऊन पायरीखाली डोकं घातलं. खालच्या रेलमध्ये एक नाणं, एक शर्टाचं बटण, चिवट काळा थर आणि त्यात रुतलेली वाळू. नखाने खरवडलं तर मेणासारखी वळी निघाली. बोटांमध्ये चोळली तर कचकच लागली. इंजिनचे व्हॉल्व्ह घासून बसवायला जी खरखरीत पेस्ट वापरतात, ती दुसरं काय असते? चिकट माध्यमात कठीण कण. सहा वर्षं दर वर्षी मी ती पेस्ट माझ्या हाताने तयार करत होते आणि तिला देखभाल म्हणत होते.

१२ मार्च, बुधवार

कामावरून आल्यावर दीड तास फक्त धुणं.

क्रम महत्त्वाचा: आधी कोरडं, मग ओलं. व्हॅक्यूमच्या निमुळत्या तोंडाने सुटी वाळू ओढून घेतली. मग आइसक्रीमच्या लाकडी काडीने ग्रीस खरवडली. लाकूड यासाठी, की स्क्रू ड्रायव्हर रेलच्या रंगावर चरे पाडतो आणि उद्या तिथूनच गंज धरतो. त्यानंतर रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि जुना टूथब्रश. दाराच्या चौकटीभोवतीच्या रबरी पट्टीला, म्हणजे बिडिंगला, रॉकेल लागू द्यायचं नाही, रबर फुगतं. मी बिडिंगवर प्लास्टिकची पट्टी चिकटवून घेतली होती, तरी एका ठिकाणी ओघळ गेलाच; तो लगेच साबणाच्या पाण्याने पुसला. नऊ चिंध्या काळ्या झाल्या. तेलकट चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नये, बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात.

खालच्या रेलच्या तळाशी पाणी निघून जायला दोन भोकं आहेत. दोन्ही बुजली होती. तारेने मोकळी केली तेव्हा आतून तपकिरी पाणी ठिबकलं.

शेजारचे काका फेरी मारून परतताना थांबले. त्यांची सगळी नोकरी गॅरेजमध्ये गेली.

"काय गं, दार?"

"हो काका. धुतेय."

"बरं करतेस. लोक वरून चोपडतात. आता आवाज करेल हां, घाबरू नकोस. ग्रीसखाली लपलेलं सगळं बोलायला लागतं."

तसंच झालं. कोरड्या रेलवर दार ओढलं तर करकर, खडखड, आणि मधून एक कर्कश चिरका. आकडे मात्र उतरले: सुरुवातीला १५, मधे ८. अडण्याच्या जागी अजून १३. म्हणजे नुसत्या धुण्याने चार किलो गेले आणि बाकीचं दुखणं हाडांत आहे.

भावाने निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० आणून ठेवला होता. त्या नावातली अक्षरं 'वॉटर डिस्प्लेसमेंट'ची, म्हणजे पाणी हटवणारं, आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण म्हणून ४०. ते निघालं १९५३ मध्ये, ओल हटवून गंज रोखण्यासाठी. जाम स्क्रू सोडवायला, चिकट डाग काढायला छान. पण रोज वजन घेऊन फिरणाऱ्या रोलरला तेच वंगण म्हणून मारत राहिलं तर आहे तेवढी ग्रीसही पातळ होऊन वाहून जाते. डबा ठेवून घेतला, शनिवारी बोल्टना लागेल.

१५ मार्च, शनिवार

आज दाराने आमचा घाम काढला.

पूर्ण दार उतरवायचं नाही, एका वेळी एकच रोलर काढायचा, असा बेत. दाराचं वजन तोलायला खाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर घडी केलेलं जुनं ब्लँकेट. हँडब्रेक ओढला, चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावले. प्रत्येक ब्रॅकेटच्या भोवती मार्करने रेघ ओढली, म्हणजे परत बसवताना जुनी जागा सापडेल. फोटोही काढले. फोटो मी नेहमी काढते आणि नेमका हवा तो कोन त्यांत कधीच नसतो.

मधल्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट टॉर्क्स डोक्याचे, म्हणजे डोक्यात सहा टोकांच्या चांदणीसारखी खाच, आणि खाचेत रंग भरलेला. खाच साफ न करता बिट लावला की तो अर्धाच बसतो, जोर दिला की डोकं गोल होतं, आणि मग दिवसभर त्या एका बोल्टची सेवा. जाड सुईने खाचेतला रंग टोकरून काढला, बिटवर हातोडीने दोन हलके ठोके दिले, स्प्रे मारून अर्धा तास सोडलं. एक सहज फिरला. दुसऱ्याने आधी कच् असा आवाज केला आणि माझ्या पोटात गोळा आला, पण तो गंजाचा आवाज होता, आट्यांचा नव्हे.

आता गोंधळ. मधल्या रेलच्या मागच्या टोकाला प्लास्टिकची टोपी आणि तिच्यामागे अडण असते, दार मागे निघून जाऊ नये म्हणून. बोल्टपर्यंत पोचायच्या नादात मी ती दोन्ही काढून ठेवली. मग बोल्ट थोडे परत आवळले, चहाला गेलो, आलो, आणि जॅक बाजूला घेऊन भावाला म्हटलं, "जरा मागे ढकल." त्याने ढकललं. रोलर रेलच्या टोकातून अलगद बाहेर आला. काहीच आवाज नाही. मग दाराची मागची कड खाली बसली, दार बाहेर फिरलं, आणि वरच्या हातावर लोंबकळत मागच्या पत्र्यावर आपटलं.

"ताई, धर! धर!"

"धरलंय! तू खालून घे!"

दोघांनी मिळून ते फळीवर टेकवलं. पुढची पाच मिनिटं कोणी कोणाशी बोललं नाही. मागच्या पत्र्यावर बारा सेंटिमीटरचा ओरखडा, प्रायमरपर्यंत. बोटं रेलच्या तोंडाशी नव्हती, हे नशीब. अडण काढली की तिथे लगेच पक्कड नाहीतर क्लॅम्प लावायचा. तो क्लॅम्प डब्यात सगळ्यात वर पडलेला होता.

एवढं झाल्यावर दार निम्मं उतरलेलंच होतं. बेत बदलला. वरचा हातही सोडवला आणि दोघांनी दार उचलून ब्लँकेटवर आडवं ठेवलं. उचलताना आतून पाणी डुचमळल्यासारखा आवाज आला. मला वाटलं भास असेल. भाऊही ऐकत उभा होता.

१६ मार्च, रविवार

रोलर टेबलावर, वर्तमानपत्रावर ओळीने.

वरचा: नायलॉनचा, गुळगुळीत, बोटाने फिरवला तर फिरत राहतो. तसाच ठेवायचा.

मधला: यात तीन चाकं. दोन लहान, उभ्या आसावर, रेलच्या कडांना धरून चालणारी. आणि एक मोठं, आडव्या आसावर, वजन पेलणारं. लहान दोन्ही ठीक. मोठं फिरतच नाही. बेअरिंग आतून गंजून एकजीव झालंय, त्यामुळे चाक न फिरता रेलवरून घसटत गेलं आणि नायलॉनला एका बाजूला सपाट चट्टा पडला. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायची पट्टी) लावला: गोल बाजूने व्यास २८ मिलिमीटर, चट्ट्याच्या बाजूने २६.४. किती महिने आम्ही दार 'चालवत' नव्हतो, फरफटत नेत होतो, कोण जाणे.

खालचा: याची तर कमालच. चाक फिरतं, पण ज्या पिनेवर फिरतं तीच एका बाजूने झिजून अंडाकृती झाली आहे. चाक पिनेवर डुगडुगतं. पुढच्या कडेची ती ढिलाई इथली. पिन ब्रॅकेटमध्ये रिव्हेट केलेली, म्हणजे नुसतं चाक बदलता येत नाही. पूर्ण ब्रॅकेटच नवं लागेल. मागवलं.

मधल्याचं मात्र पूर्ण ब्रॅकेट घेतलं नाही. घासून साफ केल्यावर बेअरिंगच्या कडेवर ६०८ हा आकडा दिसला. हा आकडा कुठेही गेलं तरी एकच माप सांगतो: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. स्केटच्या चाकांतही हेच बसतं. त्यावर नायलॉन चढवून २८ चं केलेलं तयार चाक मिळतं. फक्त आकड्यापुढची अक्षरं पाहून घ्यायची. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. पत्र्याचं झाकण जरा हलकं फिरतं, पण धूळ आणि पाणी पूर्ण अडवत नाही. हे चाक गाडीच्या बाहेरच्या अंगाला, पावसाच्या माऱ्यात राहणार, आणि फिरणार ते दारापुरतं, मिनिटाला हजार फेरे नाहीत. रबरी सीलचंच घेतलं.

दुपारी दार उभं करून आतलं पॅनेल काढलं. नऊ क्लिपांपैकी तीन तुटल्या. या क्लिपा तुटण्यासाठीच बनवतात असं माझं ठाम मत आहे. पॅनेलमागे प्लास्टिकचा पडदा, पडद्यामागे अंधार, आणि तळाशी पाणी. काचेच्या कडेने आत जाणारं पाणी तळाच्या भोकांतून निघून जावं अशी रचना असते, पण भोकांवर कधीतरी कोणीतरी गंजरोधक काळा थर जाड मारून ती बंद करून टाकली होती. स्क्रू ड्रायव्हरने एक टोचलं तर सरळ धार लागली. मोजायला टब ठेवला: साडेतीन लिटर. पाण्याचे साडेतीन किलो आम्ही दारासोबत मागे-पुढे वाहत होतो. तळाच्या शिवणीवर गंज आहे, पण टोचून पाहिला तर पत्रा आरपार गेलेला नाही. घासून, पूर्ण वाळवून, गंज थोपवणारा प्रायमर लावला. भोकं या वेळी उघडी ठेवून.

२२ मार्च, शनिवार

खालचं ब्रॅकेट आलं. आधी रेलचं काम.

२३ सेंटिमीटरच्या खुणेपाशी मधल्या रेलची खालची, ओठासारखी कड आत दबली आहे. कधीतरी काहीतरी लागलं असणार. नजरेला जेमतेम दिसतं, पण बोट फिरवलं की बोट थांबतं. पक्कडीच्या जबड्यांना जाड टेप गुंडाळून थोडं थोडं बाहेर वाकवलं. एका दमात वाकवलं असतं तर पलीकडे गेलं असतं आणि पत्रा दोनदा वाकून कमकुवत झाला असता. दर वेळी सुटं चाक हातात धरून त्या जागेवरून फिरवून पाहिलं. सहाव्या खेपेला ते न थांबता गेलं. कानशीने कंगोरा काढला, बारीक पॉलिश पेपर, प्रायमर, रंगाचे दोन हात. त्याच हाताने ओरखड्यावरही प्रायमर लावून घेतला.

इथे एक गोष्ट. रंगकाम आधी, सिलिकॉनचा कुठलाही स्प्रे नंतर. सिलिकॉन पत्र्यावर बसलं की त्यावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. ही चूक मी नाही केली. या वेळी.

दुसरी केली. मधल्या ब्रॅकेटमध्ये नवं चाक बसवलं, बोल्ट आवळला, चाक फिरवलं, आणि चाक फिरेना! नवं कोरं बेअरिंग जाम. बोल्ट सैल केला की फिरतं, आवळला की थांबतं. दहा मिनिटं मी बेअरिंगला शिव्या घातल्या. मग टेबलावरच्या वर्तमानपत्रावर एक पातळ, लहानसा वॉशर दिसला, पन्नास पैशाएवढाही नाही. तो बेअरिंगच्या फक्त आतल्या कड्याला टेकतो आणि ब्रॅकेटला सीलपासून दूर ठेवतो. तो नसला की आवळताना ब्रॅकेट थेट बाहेरच्या कड्यावर दाबतं. वॉशर घातला, आवळलं, चाक गरगर फिरलं. भावाने काहीच पाहिलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी दार परत चढवलं. रेलच्या टोकाची अडण आणि टोपी सगळ्यात आधी.

काटा लावला. मधल्या टप्प्यात अडीच किलो. २३ च्या खुणेवर काहीच नाही. मी परत मोजलं, मग भावाने मोजलं. एका बोटाने दार चालतंय!

फक्त बंद होत नाही.

२३ मार्च, रविवार

बंद होत नाही म्हणजे अगदीच नाही. शेवटच्या बोटभर अंतरावर लॉक कडीवर आपटतं आणि दार परत उघडतं. रात्री झोपेतही तो आवाज ऐकू येत होता.

सकाळी कडीकडे (मागच्या खांबावरचा स्ट्रायकर, ज्याला लॉक पकडतं) नीट पाहिलं. तिच्या बुडाच्या वरच्या बाजूला चार मिलिमीटरची पट्टी वेगळ्या रंगाची आहे: उजळ, न मळलेली. म्हणजे कडी आधी तिथे होती. रोलर झिजत गेला, दाराची मागची कड खाली बसत गेली, लॉक कडीला लागेना, आणि आमच्या आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी दार वर घेण्याऐवजी कडी खाली घेतली. आजार तसाच, फक्त उशी सरकवली. आता नव्या रोलरने दार आपल्या मूळ उंचीवर आलं आणि कडी खाली राहिली.

क्रम काकांनी सांगितला. "आधी कडी काढूनच टाक. कडी नसताना दार जिथे बसायचं तिथे बसू दे. दार सरळ झाल्यावर कडी दारापाशी आण. दार कडीपाशी नेऊ नकोस."

तसं केलं. कडी काढली, दार हलकेच लोटून बसवलं आणि फटी बघितल्या. मागची फट वर चार मिलिमीटर, खाली सहा. पुढची कड बॉडीच्या रेषेपेक्षा किंचित वर. खालच्या ब्रॅकेटचे बोल्ट अर्धा फेरा सैल करून पुढची कड दोन मिलिमीटर खाली, मधल्याने मागची एक मिलिमीटर वर. प्रत्येक बदलानंतर दार पूर्ण उघडून परत लोटायचं, नाहीतर रोलर जुन्या जागी तणून राहतात आणि फट खोटं बोलते. हे अकरा वेळा झालं. शेवटी दाराच्या पत्र्यावरची उभारलेली रेघ मागच्या पत्र्यावरच्या रेघेला जाऊन मिळाली. एकोणीस वर्षांच्या गाडीची ती रेघ मी पहिल्यांदाच सलग पाहिली.

मग कडी. बोल्ट हातानेच आवळून, कडीवर ओल्या खडूचा जाड लेप दिला आणि दार हलकेच लोटलं. लॉकच्या जबड्याने खडूवर जिथे खूण केली ती मधोमध हवी. पहिली खूण वरच्या कडेला. तीन मिलिमीटर वर घेतली, परत खडू, परत दार. तिसऱ्या खुणेला मधोमध. मग आत-बाहेर: बिडिंग आणि दार यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सगळीकडे सारखीच अडकत निघाली पाहिजे. मागे खाली एका जागी सहज निघत होती. कडी एक मिलिमीटर आत.

शेवटी बोल्ट पक्के आवळणं. एम८ मापाच्या (८ मिलिमीटर जाडीच्या) ८.८ दर्जाच्या बोल्टना साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. टॉर्कचा (आवळण्याचा जोर मोजणारा) पाना नसला तर निदान लांब दांडीचा पाना वापरून अंगाचा जोर घालू नये. खांबाच्या आतली पट्टी सुटी असते, आटे गेले तर ती शोधत बसावं लागतं.

दुपारी अडीचला दार एका हाताने, न आपटता, खट् करून लागलं. आम्ही ते वीस वेळा लावलं. काही कारण नव्हतं.

२९ मार्च, शनिवार

लॉक आणि आतलं हँडल.

लॉकमधली ग्रीस घट्ट मध झाली होती. रॉकेल आणि ब्रशने धुतलं, हवा मारली. लॉकची चाचणी दार उघडं ठेवूनच करायची: स्क्रू ड्रायव्हरने जबडा दाबून बंद स्थितीत न्यायचा, टक् टक् असे दोन टप्पे ऐकू येतात, मग हँडल ओढून सोडवायचा. सोडवायला विसरून दार लोटलं तर बंद जबडा कडीवर आदळतो आणि दोन्हीपैकी एक वाकतं. मी कागदावर 'जबडा उघडा?' असं लिहून खांबावर चिकटवलं. त्या शनिवारच्या, न लावलेल्या क्लॅम्पनंतर माझा स्वतःवर फार विश्वास उरलेला नाही.

बाहेरचं हँडल चोख. आतलं हँडल ओढलं तर जबडा ढिम्म. केबल तपासली, अखंड. केबलच्या वरच्या तोंडातून पातळ तेलाचे थेंब सोडले, दहा मिनिटांनी खालून काळं तेल बाहेर आलं, केबल लोण्यासारखी सरकायला लागली. जबडा तरीही ढिम्म. पॅनेल परत काढायच्या बेतात होते, तेवढ्यात दाराच्या मागच्या कडेवर मळाने भरलेली एक छोटी खाच दिसली. आत बोटाच्या पेराएवढी कळ.

चाइल्ड लॉक.

दोन वर्षं आतून दार उघडत नाही म्हणून आम्ही गाडीतून उतरून, वळसा घालून, आईला बाहेर काढत होतो. कळ नखाने वर केली. हँडल ओढलं. खट्. भाऊ गाडीत बसून पाच मिनिटं हसत होता. आईला हे सांगायचं की नाही यावर आमचं अजून एकमत नाही.

५ एप्रिल, शनिवार

वंगण. हे काम सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत शेवटचं.

रेलच्या उघड्या पृष्ठभागावर ग्रीस नाही. कोरडा टेफ्लॉन स्प्रे, एक पातळ हात, वाळू दिला, जास्तीचा पुसला. तो वाळून पातळ थर मागे ठेवतो, त्याला धूळ फारशी चिकटत नाही. पांढरी लिथियम ग्रीस फक्त जिथे धातूवर धातू घासतो आणि धूळ कमी पोचते तिथे: लॉकचा जबडा, हातांच्या बिजागऱ्या. वाटाण्याएवढी. नव्या सीलबंद बेअरिंगला बाहेरून काही नाही, त्याची ग्रीस त्याच्या आतच असते. बिडिंगला सिलिकॉन, फडक्यावर घेऊन. फडकं यासाठी, की ओरखड्यावर अजून रंग चढायचा आहे.

शेवटचे आकडे, त्याच काट्याने, त्याच जागी: सुरुवातीला ४ किलो, मधे अडीच, वळणावर साडेतीन. पाइपने दारावर दहा मिनिटं पाणी सोडलं. आत थेंब नाही, तळाच्या भोकांतून बारीक धार.

मग आईला बोलावलं. तिने पदर खोचला, पायरीला पाय लावला, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि सवयीने सगळं अंग मागे टाकलं. दार सुसाट मागे गेलं, टोकाच्या अडणीवर धाडकन आदळलं आणि अडणीचा रबरी बफर उडून गाडीखाली गेला. आई मागे भावाच्या अंगावर.

"अगं हळू! एका हाताने!"

"मला काय माहीत? आधी सांगायचं ना."

मग तिने ते एका हाताने लावलं, उघडलं, परत लावलं. बफर सापडला, पण मधोमध फाटलाय. नवा येईपर्यंत जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून बसवलाय.

३ मे, शनिवार

चार आठवडे झाले. ब्रॅकेटचे आणि कडीचे सगळे बोल्ट पान्याने परत पाहिले. मधल्यातला एक पाव फेरा फिरला, बाकी जागच्या जागी. मार्करच्या रेघा हललेल्या नाहीत. मधला टप्पा अडीच किलोच. खालच्या रेलमध्ये थोडी कोरडी धूळ, ब्रशने झटकली तर निघून गेली. नवा बफर बसवला.

दुसऱ्या बाजूचं दार परवापासून जरा घासतंय. आज त्याला काटा लावून बघितला: ७ किलो. पायरीखाली वाकून पाहिलं तर तिथेही माझीच सहा वर्षांची ग्रीस. लाकडी काड्या संपल्या आहेत.